पेशीतला घरजावई

आषाढ लागला की पळसदरीत पाणी ही मिळवायची वस्तू उरत नाही, चुकवायची होते. ते कौलांतून गळतं, भिंतींतून पाझरतं, डोंगरावरून कोसळतं. शिवाय ते बघायला रविवारी खोपोली लोकलमधून मुंबईकर कोसळतात, ते वेगळंच.

इथला तलाव मात्र पाणी साठवायलाच बांधलेला. 1863 साली बोरघाटातून गाड्या धावू लागल्या. वाफेच्या इंजिनांना तहान फार, आणि ती भागवायला रेल्वेनं हा तलाव करून घेतला. इंजिनं इतिहासजमा झाली, तलाव राहिला. त्याच्या काठाला, कुजत्या गवताच्या आसपास, एक जीव नांदत असणार. पाणी साठवण्याची कल्पना त्याला ऐकवणारसुद्धा नाही, कारण त्याचा सगळा जन्म पाणी उपसण्यात जातो.

हा पॅरामेशियम. उभा देह एका पेशीचा, लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास. नजर तीक्ष्ण असेल तर पांढरा ठिपका दिसतो. चाळिशी लागलेली असेल तर विश्वास ठेवायचा. त्याच्या आतला रस क्षारांनी, प्रथिनांनी दाट, बाहेरचं पावसाचं पाणी निव्वळ पातळ. पाणी पातळाकडून दाटाकडे शिरतंच. शाळेत याला परासरण म्हणतात आणि दोन गुणांना विचारतात. पॅरामेशियमला मात्र तो जन्मभराचा पेपर. त्याच्या अंगात दोन संकोचशील रिक्तिका असतात. त्या आळीपाळीनं फुगतात आणि भसकन रिकाम्या होतात. तासाभराच्या आत तो स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी बाहेर फेकतो. 1776 साली स्पालान्झानी या इटालियन अभ्यासकानं ही धडपड पाहिली आणि हे श्वास घेणं असावं असं ठरवलं. त्याला दोष देता येत नाही. काही धपापताना दिसलं की आपल्याला छातीच आठवते.

आपल्या पेशींना हा उपसा नाही, कारण त्यांच्याभोवती आपण आतल्याइतकंच खारट पाणी बाळगतो. सलाइनच्या बाटलीवर 0.9 टक्के लिहिलेलं असतं ते याचसाठी. शिरेत नुसतं शुद्ध पाणी सोडलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. भाताचं वेगळं. त्याच्या पेशीला बाहेरून भक्कम भिंत असते, त्यामुळे आत पाणी ठासून भरलं तरी फुटत नाही, उलट पात ताठ उभी राहते. कर्जतच्या संशोधन केंद्रातल्या भाताला ही चैन परवडते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची काळजी नेमकी उलटी. खाडीच्या मिठानं तिथं बाहेरचंच पाणी दाट, म्हणजे रोप पाण्यात उभं राहून तहानलेलं. त्या जमिनीत तग धरतील अशा पनवेल-1, 2, 3 या जाती तिथूनच निघाल्या.

तर उपसा. उपसा म्हटला की इंधन आलं, आणि ते पुरवते तंतुकणिका. ही बाई मुळात या घरची नव्हेच. बाई तरी कशाला, सरळ घरजावई म्हणू. दीडएक अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला. गिळला गेला आणि पचला नाही, की आपणहून घुसला, यावर अजून वाद आहेत. लग्नाच्या बोलण्यांत पुढाकार कुणाचा होता हे नंतर कुठं कळतं? हरितलवकंही अशीच बाहेरून आली, असं मेरेश्कोव्स्की 1905 साली म्हणाले होते. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1967 साली लिन सेगन यांनी (पुढे त्या लिन मार्ग्युलिस म्हणून गाजल्या) हा सगळा सिद्धांत छापून आणला, तोही पंधराएक नियतकालिकांकडून साभार परत आल्यावर. मराठी लेखकांना त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला एवढं पुरे.

घरजावई आला तेव्हा त्याची जनुकांची कागदपत्रं त्याच्याजवळ होती. मग एकेक कागद सासऱ्याच्या कपाटात, म्हणजे केंद्रकात, जाऊ लागला. आज माणसाच्या तंतुकणिकेकडे 37 जनुकं उरली आहेत. त्यांतली प्रथिनं बनवणारी अवघी 13. बाकी हजारभर प्रथिनांसाठी केंद्रकापुढे हात पसरायचा. तरी ऐट गेलेली नाही. डीएनए अजून जिवाणूसारखा गोल. वाढायचं तेही स्वतः दुभंगून. पेशीला हवा म्हणून नवा जावई घडवून मिळत नाही. आणि वारसा चालतो फक्त आईकडून. घरजावयाचं कूळ सासूच्या बाजूनं चालावं, हे रीतीला धरूनच झालं.

पाणी शिरलं ते उपसलं, जिवाणू शिरला तो ठेवून घेतला. पेशीला पुरतं दार लावणं दोन्ही वेळा जमलेलं नाही. मला तिचं कौतुक आहे ते या निवडीचं. पळसदरीकरांनाही रविवारी अशीच निवड करता आली असती तर बरं झालं असतं.

आणि हे जुनं प्रकरण आहे असंही नाही. पॅरामेशियमचा एक हिरवा भाऊबंद आहे. त्याच्या पोटात क्लोरेला नावाच्या शेवाळाच्या शेकडो पेशी राहतात, उन्हात साखर करतात आणि मालकाला वाटा देतात. पण कागदपत्रं त्यांनी अजून आपल्याकडेच ठेवली आहेत. बाहेर काढून वाढवल्या तर त्या स्वतंत्र जगू शकतात. मालकही पूर्ण विरघळलेला नाही. बरेच दिवस अंधारात राहावं लागलं की त्यांतल्या काहींना तो पचवून मोकळा होतो. म्हणजे बोलणी चालू आहेत. तोवर घरात शिरणारं पाणी एकट्या मालकानंच उपसायचं. पाहुणे त्या कामाला हात लावत नाहीत.