बिननाक्याची जकात

माझे वडील, म्हणजे नाना, सगळी नोकरी जकात नाक्यावर करून निवृत्त झाले. ट्रकची ताडपत्री हातभर उचलली की आत हळद आहे, मिरची आहे की हळदीच्या पोत्यांखाली दडवलेलं कापड आहे, हे ते नुसत्या वासावर सांगत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईच्या वेशीवरचे उरलेसुरले नाकेही उठले, तेव्हा त्यांनी रात्री जेवायला नको म्हणून सांगितलं होतं. आईनं त्यांना न विचारता पिठलं-भात वाढला आणि त्यांनी तो निमूटपणे खाल्ला, ही गोष्ट वेगळी.

तर असे नाना कॅलिफोर्नियात आमच्याकडे राहायला आले आणि त्यांना कळलं की त्यांची जकात मेलेली नाही, अमेरिकेत येऊन राहिली आहे. इथं तिला यूज टॅक्स म्हणतात. कॅलिफोर्नियानं १९३३ साली विक्रीकर लावला. पण शेजारच्या राज्यात जाऊन बिनकराचं सामान आणायला कुणाची ना नव्हती. ऑरेगनमध्ये तर आजही विक्रीकर नाही. म्हणून १९३५ मध्ये हे शेपूट जोडलं: बाहेरून कर न भरता आणलेली वस्तू इथं वापरलीत, तर इथल्या विक्रीकराइतकीच रक्कम टाका. दुसऱ्या राज्यात विक्रीकर भरला असेल तर तो वजा मिळतो. पुण्यात भरलेला जीएसटी मात्र कुणी धरत नाही.

"उपभोग, वापर किंवा विक्रीसाठी आत येणारा माल," नाना डोळे मिटून म्हणाले. "आपलीच आहे ही. नाका कुठाय?"

"नाका नाही, नाना."

"मग वसूल कोण करतं?"

"आपणच. राज्याच्या आयकर रिटर्नमध्ये ९१ नंबरची ओळ असते, तिथं स्वतःच आकडा लिहायचा. रिकामी सोडू नका, असंही छापलंय."

नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ट्रकवाल्याच्या हातात पावती पुस्तक देऊन निरीक्षक घरी झोपायला गेलाय, हे चित्र त्यांच्या डोक्यात बसेना. ऑनलाइन दुकानं २०१८ च्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कर स्वतःच आकारून घेतात, त्यामुळे सामान्य माणसाच्या वाट्याला या कायद्यातली उरली ती मुख्यतः सूटकेस, हे मी त्यांना समजावलं. विमानतळावर कस्टमला जे खरं लिहून देतात, त्यांची माहिती राज्याचं कर खातं मागवून घेतं आणि मग त्यांच्या घरी पत्र येतं, हेही सांगितलं.

"म्हणजे जो आपणहून गाडी थांबवतो, त्याचीच झडती," नाना म्हणाले. "आमच्याकडेही तसंच होतं." इथं ते पहिल्यांदा खुलले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माफीचं प्रकरण वाचायला घेतलं. कर काय, कुणीही बसवतो. खात्याची अक्कल माफीत दिसते, असं त्यांचं मत. आणि मी भारतातून आणलेल्या बॅगा अजून पुऱ्या उपसल्या गेल्या नव्हत्या. त्यांनी दिवाणखान्यात सतरंजी अंथरली आणि एकेक नग बाहेर काढायला सुरुवात केली.

चकली, भाजणी, मेतकूट: खाद्यपदार्थ, माफ. १९९१ मध्ये या राज्यानं चिवड्याच्या जातीच्या वस्तूंवर कर बसवला होता आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी तो मतदानानं उडवला, हे वाचून नानांचा अमेरिकन लोकशाहीवर विश्वास बसला. पुरणपोळ्यांपाशी ते थबकले, कारण गरम करून विकलेल्या पदार्थाला माफी नाही. थंड सँडविच बांधून नेलं तर कर नाही, तेच भाजून दिलं तर आहे. काकूनं पोळ्या तव्यावरून उतरवून डब्यात भरल्या होत्या. पण काकू पैसे घेत नाही, म्हणून प्रकरण निकाली निघालं. अमृतांजन: डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधाला माफी, अमृतांजनाला नाही. नाना दुखावले. दिवाळी अंक: वर्गणीनं येणारं, वर्षातून निदान चारदा निघणारं नियतकालिक सुटतं. "दिवाळी चारदा येत नाही," असा शेरा मारून अंक डाव्या, म्हणजे कराच्या, ढिगात गेले.

पण या सगळ्यावर एक मोठी माफी आहे, तिनं डावा ढीग बराचसा धुऊन निघतो. परदेशात विकत घेऊन स्वतःच्या हातानं आणलेल्या मालापैकी, कुठल्याही ३० दिवसांत, पहिल्या ८०० डॉलरवर यूज टॅक्स नाही. कुरिअरनं मागवलात तर ही सवलत गेली. स्वतःच्या हातानंच हवं. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक मराठी घरात कुणी भारतात निघालं की "तुझ्या बॅगेत दोन किलोची जागा आहे का?" असा फोन येतो, त्या दोन किलोंचं काय, यावर नानांनी एक टिपण करून ठेवलंय.

मग बॅगेच्या तळातून पैठणी निघाली. येवल्याची, हातमागावरची.

"पावती?"

पावती ८२ हजारांची होती. घरात मी तिची किंमत "वीस-पंचवीस असेल" अशी मोघम सांगितली होती. नानांनी डॉलर ८५ रुपये धरून ९६५ काढले. त्यातून ८०० वजा. उरले १६५, त्यावर आमच्या गावचा सव्वादहा टक्के: सतरा डॉलर. अमृतांजन आणि दिवाळी अंक त्यांनी बापाच्या अधिकारात दुर्लक्षित केले.

"उरलेले १६५ ह्यांच्या ८०० मध्ये घालता येतील का?" मी विचारून पाहिलं.

"अगं, एका नगाचे दोन तुकडे कसे होतील? पदर जावईबापूंच्या नावावर?" मग तेच म्हणाले, "पैठणी तिकडेच एखाद्या लग्नात एकदा नेसून माझ्या कपाटात ठेवली असतीस आणि तीन महिन्यांनी आणली असतीस, तर हाही आकडा नसता. पहिला वापर बाहेरचा आणि वर नव्वद दिवस. वाचलं मी."

हजार डॉलरच्या आतल्या वस्तूंसाठी उत्पन्नाप्रमाणे तक्त्यातली ठरलेली किरकोळ रक्कम भरायचीही सोय आहे. ती मी पुढे केली. "पावती हातात असताना अंदाजपंचे कशाला?" म्हणून नानांनी तीही फेटाळली.

एप्रिलमध्ये रिटर्न भरताना ह्यांना ९१ नंबरच्या ओळीत सतरा दिसले. आमचं रिटर्न एकत्र. इंजिनिअर माणूस, लगेच उलटा हिशेब मांडला. "सतरा भागिले सव्वादहा टक्के… १६५ डॉलर. म्हणजे चौदा हजार! अरे, तू तर वीस-पंचवीस म्हणाली होतीस. स्वस्तात मिळवलीस की गं!"

मी हसून मान डोलावली. नाना पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "जावईबापू, पहिले आठशे माफ असतात. ते त्यात मिळवा."