सावकार यादीत नाही
१९५१च्या निर्वासित कराराने छळाची पाच कारणे मान्य केली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व. सावकार या यादीत नाही. ऑस्ट्रेलियात आश्रय मागणारे बरेच मलेशियन नागरिक मात्र भीती सांगतात ती 'आ लाँग'ची, म्हणजे थकबाकीदाराच्या दारावर लाल रंग ओतणाऱ्या बेकायदा सावकाराची.

न्यायाधिकरण आधी हकिगत खरी आहे का ते पाहते: कर्ज किती, कोणाचे, शेवटची धमकी कधी. ती पटली तरी छळामागचे कारण तपासावे लागते, आणि तिथेच घोडे पेंड खाते. सावकार वंश-धर्म विचारत नाही. त्याला मुद्दल हवे, व्याज त्याहून हवे. त्याच्या या सर्वधर्मसमभावाचा फटका अर्जदाराला बसतो. 'थकलेले कर्जदार' हाच सामाजिक गट मानावा, तर निव्वळ छळाच्या सामायिक भीतीवरून गट बनत नाही, असे कायदा बजावतो.

२०१२पासून 'पूरक संरक्षणा'ची दुसरी खिडकी उघडली. तिथे या पाच कारणांची अट नाही. गंभीर इजेचा खरा धोका दाखवला की पुरते. पण देशातच दुसऱ्या गावी सुरक्षित राहणे शक्य दिसले, किंवा पोलीस पुरेसे संरक्षण देतील असे वाटले, की तीही बंद. माणूस हुडकण्यात वसुलीवाले पोलिसांपेक्षा तरबेज असतात, याचा पुरावा अर्जदाराने आणायचा. शिवाय मलेशियात सावकारी कायदा आहेच, तोही १९५१चाच. असे बहुतेक अर्ज फेटाळले जातात, आणि निकाल लागेपर्यंत व्याज चढतच असते.