दाढेतलं फिलिंग निघालं, आभार तेवढे राहिले होते

माननीय दंतवैद्य महोदयांस,


दात दाखवायला लोकलने थेट मुंबई गाठावी लागू नये म्हणून आपण मोहने गावात दवाखाना थाटलात, हे आमचं भाग्य. माझ्या लेकीची किडलेली दुधाची दाढ आपण मशीन न लावता, सुई न टोचता एका बैठकीत उरकलीत. ती रडली नाही. एवढ्या एका गोष्टीचे आभार अगदी मनापासून.

आपण लावलेलं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड उत्तमच औषध आहे. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कडक करतं आणि कीड जागच्या जागी थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. खुर्चीत बसायलाच घाबरणाऱ्या पोरांसाठी ते वरदान आहे, आणि ते गावोगावच्या दवाखान्यांत मिळावं असंच मला वाटतं.

त्या औषधाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे सांगून आपण आपली वाणी शिणवली नाहीत, हा आपला संयम. ओठाच्या कोपऱ्याला लागलेला थेंब दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग झाला. तो आपोआप जातो, हे एक वाक्य कानावर पडलं असतं, तर तिच्या आजीने लिंबू घासून पोरीचा ओठ सोलला नसता.

आणि आपली ती चपळाई! औषध लावलं, लगेच त्यावर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, वर निळा दिवा. मध्ये दाढ धुण्यात आपण वेळ दवडला नाहीत. उल्हास नदी उशाशी असलेल्या गावात आपण पाण्याची केवढी बचत केलीत!

कॉम्पोझिट दाताला असंच चिकटत नाही, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. आधी आम्ल लावून दात किंचित खरखरीत करतात. मग आतल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडतात, चिकटवणारा बाँड त्यांत शिरतो आणि घट्ट बसतो. आपलं औषध नेमक्या त्याच नळ्या चांदीने बुजवतं, आणि फ्लोराइडने कडक झालेला दात आम्लाला सहज दाद देत नाही. कीड थांबायला जे हवं, तेच पकडीच्या आड येतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे निकाल एकमुखी नाहीत. पण न धुता भरलेलं कॉम्पोझिट कमी धरतं आणि नीट धुतल्यावर पकड बरीच सावरते, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. चांदी प्रकाशात काळवंडते, म्हणून पांढऱ्या फिलिंगखालून करडी छटाही वर आली. ती आपण वेगळे पैसे न घेता दिलीत, उपकार आहेत.

आपल्या औदार्याला साजेसं म्हणून आपण महागडंच फिलिंग निवडलंत. ग्लास आयनोमर सिमेंट आपल्याला साधं वाटलं असावं. लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी ते १९७२ साली जगापुढे मांडलं. ते दातातल्या कॅल्शियमशी थेट बंध जोडतं, स्वतः फ्लोराइड सोडतं आणि या औषधामुळे त्याची पकड फारशी बिघडत नाही. अत्यावश्यक औषधांच्या त्याच यादीत तेही आहे. पुढच्या भेटीत ते भरता आलं असतं. पण आम्हाला दुसरी खेप पडू नये ही आपली काळजी!

खेप पडलीच. भाकरीच्या घासाबरोबर फिलिंग अख्खं हातात आलं. गावातला एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडल्यापासून इथल्या किती घरांत मुलांच्या दातांचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला जातो, ते आपल्या दाराशी येणाऱ्यांना विचारा. एकाच दाढेचे दोनदा पैसे त्या घरांनी कुठून आणायचे?

आता विनंत्या दोनच. नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आधी काय लावलं होतं, कधी?” आपल्या पावतीवर फक्त रक्कम आहे. औषधाचं नाव, त्याचं प्रमाण आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ठेवावी, मी न्यायला येते. आणि उद्या जे मूल त्या खुर्चीत बसेल, त्याच्या आईला काळ्या डागाचं आधी सांगावं, तिने हो म्हटल्यावरच बाटली उघडावी.


आपली आभारी,
मोहन्यातली एक आई