सावली ज्याची त्याने आणावी
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंच रिकामा. मधोमध प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर पाठीला लावायची भलीमोठी सॅक. नट येतो, सॅक उचलायला जातो. ती हलत नाही. तो नाद सोडून प्रेक्षकांकडे वळतो.)

एरवी खान्देशला विचारतं कोण? पण मे महिना लागला की बातम्यांना एकदम जळगाव-भुसावळ आठवतं. पारा ४५ वर. निवेदिका एसीत बसून असा चेहरा करते, जणू गावानंच काहीतरी गुन्हा केलाय. भुसावळात मात्र पानटपरीवर वेगळीच चिंता असते : काल अकोला आपल्यापुढे गेलं म्हणे! अर्ध्या अंशानं! भुसावळकराचा चेहरा पडतो. उन्हाचं दुःख त्याला नाही, दुसऱ्या नंबरचं आहे.

अशा मुलखातला माणूस खिशातले पैसे भरून, रजा टाकून, थर्मल घालून वाळवंटात चालायला जातो. त्याचं नाव जिभाऊ. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. नोकरीतून निवृत्त, गुडघ्यांतून अर्धनिवृत्त, आणि मोबाईलवर पावलं मोजणारा.

(रुमाल डोक्याला बांधतो. जिभाऊ होतो.)

यूथ हॉस्टेल्स असोसिएशन हिवाळ्यात जैसलमेरच्या बाजूला वाळवंटी पदभ्रमणाची शिबिरं भरवते. जिभाऊंनी नाव नोंदवलं आणि घरात सांगितलं. घरातून चौकशी सुरू झाली.

"कथा चालनात?"

"वाळवंटमा."

"तठे काय से?"

"वाळू."

"मंग आपला गिरनामा काय से?"

जिभाऊ बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "आते काहीच नही."

(थांबतो. प्रेक्षक हसेपर्यंत थांबायचं. जळगावात लगेच हसतात, पुण्यात गिरणा नदीतली वाळू कुठे गेली ते समजावून सांगावं लागतं.)

शिबिराच्या यादीत काय होतं? स्वतःचा डबा, मग, चमचा, टॉर्च, गरम कपडे. जिभाऊंच्या सॅकमध्ये काय गेलं? कळण्याचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स आणि दोन वांगी. वांगी साधी नव्हेत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे जिभाऊ ती पासपोर्टसारखी बाळगतात. वाळवंटात कुणी ओळख विचारली तर दाखवायला.

खरं सांगायचं तर कॅम्पिंग खान्देशला कुणी शिकवायची गरज नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते ती काय असते? कपाशीच्या काड्या पेटवायच्या, वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, मिरची, आणि बांधावर बसून पुरीबरोबर हाणायचं. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, प्रमाणपत्र नाही. एवढ्याच कारणानं त्याला कुणी साहस म्हणत नाही.

तर गाडी निघाली. तापीच्या काठाकाठानं सुरत, तिथून अहमदाबाद, जोधपूर, जैसलमेर. हजारावर किलोमीटर. नंदुरबार यायच्या आत डब्यातला ठेचा संपला आणि ग्रुपमध्ये पहिला तट पडला : ठेचा खाल्लेले आणि न मिळालेले. पुढच्या साऱ्या भांडणांत हेच दोन पक्ष राहिले, विषय बदलत गेले.

(नट हात चोळतो, दात वाजवतो.)

जिभाऊंचा हिशेब असा होता की वाळवंट म्हणजे ऊन, आणि उन्हात आपला हात कोण धरणार? धुळ्यात उभा जन्म गेला. वाळवंटानं पहिल्याच रात्री त्यांना गाठलं ते दुसऱ्या दारानं. वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते. हवेत ओल नाही, वर ढगाचं पांघरूण नाही, दिवसाची सगळी ऊब सरळ आभाळात निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पंचेचाळिसाला न डगमगलेला खान्देशी वाघ दोन गोधड्यांखालून ओरडला, "थंडी वाजी ऱ्हायनी, भो!"

म्हणून सगळे शेकोटीची वाट बघत बसले. यूथ हॉस्टेलच्या शिबिरांत रोज रात्री 'कॅम्पफायर' असतो. जिभाऊ सगळ्यात पुढे, हात पसरून. लाकूड वाचवायचं म्हणून हा कॅम्पफायर बिनलाकडाचा! मध्ये दिवा, भोवती माणसं, आणि गाणी. जिभाऊ तासभर त्या दिव्यावर हात शेकत बसले. शेजारच्या पुणेकरानं विचारलं, "काही उपयोग होतोय का?" जिभाऊ म्हणाले, "होतो ना. डावा हात गरम झाला असं वाटायला लागलंय."

सकाळी टेकडी चढायची होती. वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. वारा जिकडून येतो ते अंग लांबलचक, कमी चढाचं आणि त्यातल्या त्यात घट्ट. पलीकडचं उभं आणि भुसभुशीत, तीस-पस्तीस अंशांचं. तिथं वाळू जेमतेम तोल सांभाळून पडलेली असते. वाटाड्या म्हणाला, कडेकडेनं या. जिभाऊंना लळिंगचा किल्ला चढायची सवय. धुळ्यापासून दहाएक किलोमीटर, आग्रा रोडला लागून. फारुकी सुलतानांचा तो डोंगर त्यांनी सरळ चढलाय, ही वाळू काय चीज? ते सरळ उभ्या अंगानं निघाले. एक पाऊल वर, पाऊण पाऊल खाली. पंधरा मिनिटांनी वाटाड्या माथ्यावर पोचला, जिभाऊ होते तिथंच. पण मोबाईलवर आकडा झकास वाढत होता. पावलं मोजणाऱ्याला उंचीशी काय देणं?

ग्रुपमध्ये एक ठेकेदारही होते. बांधकामातले. माथ्यावर पोचल्यावर सगळ्यांनी सूर्योदय पाहिला, ठेकेदारांनी वाळू पाहिली. क्षितिजापर्यंत वाळू. आणि आसपास तलाठी नाही, तहसीलदार नाही, रात्रीचं पथक नाही! त्यांचे डोळे भरून आले.

"जिभाऊ, किती ब्रास व्हई?"

(नट डोळे पुसतो.)

त्यांचा भ्रमनिरास वाटाड्याने केला. ही वाळू बांधकामाला चालत नाही. वाऱ्यानं घासूनघासून कण गोल आणि बारीक झालेले, ते सिमेंटला नीट धरत नाहीत. नदीच्या वाळूला कोन असतात, ती एकमेकींत अडकते. म्हणून तर वाळवंटात वसलेलं दुबई बांधकामासाठी बाहेरून वाळू आणतं. ठेकेदारांनी मुठीतली वाळू सोडली, कपडे झटकले आणि उरलेल्या मुक्कामात निसर्गाकडे ढुंकून पाहिलं नाही.

उंटाचं प्रकरण थोडक्यात. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो. हे स्वाराला कुणी आधी सांगत नाही. जिभाऊ पुढे उंटाच्या मानेपर्यंत गेले, मग पुढचे पाय उठले तेव्हा मागे शेपटीकडे. उंटवाला ओरडत होता, "पीछे झुको, बाबूजी!" पण तोवर बाबूजी चारी दिशांना झुकून झाले होते. उतरताना तर उंट पुढचे गुडघे आधी टेकतो. जिभाऊंनी त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. गुडघ्यांचं दुखणं त्यांना कळतं.

आता मुख्य विषय. जेवण.

(खुर्ची पुढे ओढतो. बाह्या सरसावतो.)

दुपारी ताटात दाल-बाटी आली. पंगतीत शांतता पसरली. जिभाऊंनी बाटी उचलली, वळवून पाहिली, ठोकून पाहिली. हिच्याशी त्यांची लहानपणापासूनची ओळख! धुळ्या-जळगावात वरण-बट्टी लग्नाला असते, मुंज असो, निवडणूक असो, हिच्यावाचून कार्यकर्ता उठत नाही. गव्हाच्या जाडसर पिठात थोडा मका, ओवा, हळद, मोहन. गोळे आधी उकडायचे किंवा वाफवायचे, कापायचे, आणि मग तळायचे. कुठे कुठे गोवऱ्यांत भाजतात. वर तुरीचं वरण, आणि पोहता येईल इतकं तूप. राजस्थानी मंडळी म्हणाली, ही आमची. जिभाऊ म्हणाले, असेल, पण वांग्याची भाजी कुठाय?

"भाजी?"

"बट्टीसोबत घोटलेल्या वांग्याची भाजी असते. ती नसेल तर हे नुसतं पीठ आहे!"

तिकडून चुरमा पुढे आला. इकडून ठेच्याची रिकामी बरणी निघाली, पुरावा म्हणून. शेवटी आचारी स्वतः बाहेर आला. जिभाऊंनी सॅकमधली ती दोन मानांकित वांगी काढून त्याच्या हातात दिली. अर्ध्या तासात भाजी झाली. तीस माणसं आणि दोन वांगी. प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर आली, आणि खान्देशानं थरचं वाळवंट जिंकल्याची नोंद ग्रुपवर पडली.

संध्याकाळी कुलधरा पाहिलं. पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. भुताखेताच्या गोष्टी सांगणारे तिथं पुष्कळ भेटतात, पण भुतांपेक्षा जिभाऊंना पालीवालांचे खडीन जास्त आवडले. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस धड होत नाही. धुळ्यात पाचशेच्या वर होतो, तरी टँकर येतोच. या लोकांनी काय केलं? उतारावरून येणारं पाणी खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून अडवलं, जमिनीत मुरू दिलं, आणि त्या ओलीवर गहू-हरभरा काढला. वाळवंटात! गहू!

जिभाऊंचा अभिमान दुखावला. ते वाटाड्याला म्हणाले, आमच्याकडे पांझरा नदीवर फड आहेत, तीन-चारशे वर्षांचे. नदीत बंधारा, बाजूनं पाट, पाणी आपल्या पायानं शेतात जातं. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि दरवर्षी पाळीपाळीनं बदलायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. भाऊबंदकीत बांधाच्या वीतभर तुकड्यासाठी कोर्टात जाणारी माणसं पाण्यासाठी एका फडात नांदली. वाटाड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप का खेत भी उसी में है?"

जिभाऊंनी विषय उंटाकडे वळवला.

(रुमाल सोडतो. पाणी पितो. बाटलीचं झाकण हातात घोळवत.)

हिवाळी शिबिरं खान्देशी माणसाला नवीन नाहीत. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष पंडित नेहरू, मिरवणूक बैलांच्या रथातून, आणि बांबू-चटयांचं अख्खं नगर नंदलाल बोस यांच्या कल्पनेनं सजलेलं. हजारो माणसांचा मुक्काम, स्वच्छतेला स्वयंसेवक, साने गुरुजीही त्यांत. यावल-रावेरकडे कुठल्याही घरात जा, त्यांचे आजोबा तिथं स्वयंसेवक होते. सगळ्यांचं खरं धरलं, तर भाषण ऐकायला समोर कोणी उरत नाही.

पण उन्हाळ्यातलं शिबिर म्हणजे खरी परीक्षा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत अमळनेर तालुक्यातली गावं उतरली होती. स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे. पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस अंश. हा मुहूर्त ज्यानं काढला त्याचा ऊन आणि गणित दोन्हींशी संबंध असावा. कारण साधं आहे : पावसाआधी चर खणून व्हायला हवेत, आणि त्या दिवसांत शेतात काम नसतं. गावकरी पहाटे किंवा चांदण्यात खणायचे. शहरवाले जलमित्र १ मेच्या महाश्रमदानाला यायचे. त्यांत जिभाऊ. खिशात कांदा, डोळ्यांना गॉगल, हातमोजे, टोपी, टोपीवर रुमाल. तयारीतच अकरा वाजले.

उतारावर हायड्रोमार्करनं समपातळीची रेघ आखलेली. पाण्यानं भरलेली नळी, दोन काठ्या, दोन्हीकडे पाणी एका उंचीवर आलं की खूण करायची. त्या रेघेवर चर खणला, तर धावतं पाणी थांबतं आणि मुरतं. जिभाऊंनी रेघ पाहिली, ऊन पाहिलं, आणि वीसेक फूट वरचा निंब पाहिला. सूचना केली : रेघ जरा निंबाकडे वळवली तर?

घमेलं डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या आजीबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊ, पानी तुमनी सावली दखीसन थांबी का?"

जिभाऊंनी टिकाव उचलला. माती निघाली मोजून दोन घमेली, फोटो निघाले चाळीस. आजी तोवर पुढच्या चराला लागल्या होत्या.

तेव्हापासून ग्रुपवर रोज वाद असतो. एक पक्ष म्हणतो, साक्री तालुक्यात बारीपाड्याला जाऊ. चैत्राम पवार आणि तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी दगडी बांध घातले, अकराशे एकर जंगल राखलं. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. दुसरा पक्ष म्हणतो, पुन्हा जैसलमेर, पण या वेळी ठेचा प्रत्येकाचा वेगळा. तिसऱ्यानं काल रात्री टाकलं : मे महिना, लळिंग किल्ला, भर दुपारी चढाई, पाण्याच्या टाक्यांतला गाळ काढणे, सावलीची सोय नाही.

(खिशातला मोबाईल वाजतो. नट वाचतो. रुमाल पुन्हा डोक्याला.)

सगळ्यांनी अंगठे वर केलेत. फक्त जिभाऊंचा प्रश्न आलाय : "जेवनमा काय से?"

(अंधार.)