कामतघरची आर्मी

भिवंडीत ‘आर्मी’ म्हटलं की लष्कर समजू नये. कामतघर, काल्हेर, अंजूरफाटा, कुठंही जा, एक तरी आर्मी भेटतेच. इयत्ता नववी, डोळ्यांवर चष्मा आणि कपाटाच्या दारावर सात कोरियन तरुण. बीटीएस या बँडचे चाहते स्वतःला आर्मी म्हणवतात.

या कामतघरच्या आर्मीचं घड्याळ सोलच्या वेळेवर चालतं. तिथं रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे साडेआठ. त्यामुळे बँडमधल्या जंगकुकचा १ सप्टेंबरचा वाढदिवस कामतघरात ३१ ऑगस्टला, ऐन जेवणाच्या वेळी साजरा होतो. उत्सवमूर्ती अर्थातच गैरहजर. आजी विचारते, ‘बाय, यो कोनाचा पोर गो?’ उत्तराची वाट न बघता केक खाते.

वडिलांचे लूम आहेत. त्यांना गाणं कळत नाही, धंदा कळतो. २०१७चा ‘लव्ह युअरसेल्फ : हर’ हा अल्बम चार आवृत्त्यांत निघाला आणि आतलं फोटोकार्ड कोणाचं निघेल ते ज्याच्या-त्याच्या नशिबावर, हे ऐकून ते ताठ बसले.

‘गाणी वेगळी?’

‘तीच.’

‘मग चार कशाला?’

पोरीनं कीव आल्यासारखं पाहिलं. एकच ग्रे, म्हणजे कोरं, कापड चार रंगांत रंगवून चार पार्ट्यांना विकणारे व्यापारी त्यांनी पाहिले होते. एकाच पार्टीला चारदा विकणारा हा पहिलाच. आर्मीच्या भाषेत बँडमधला आपला लाडका तो ‘बायस’. वडिलांचा बायस तेव्हापासून बँडच्या कंपनीचा संस्थापक, बँग सी-ह्युक.

फोटोकार्डं ती ऑनलाइन मागवते. मोबाइलवर दिसतं, पार्सल भिवंडीच्या गोदामात आलं. गोदाम घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तरी पार्सल आणखी चार दिवस कुठं तीर्थयात्रा करून येतं, ते त्या गोदामवाल्यांनाच ठाऊक. तेवढे दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

आगरी गाण्यांना ती ‘क्रिंज’ म्हणते. पण चुलतभावाच्या हळदीत डीजेवर दादूस, म्हणजे संतोष चौधरी, सुरू झाले की मंडपात पहिली उतरते तीच. व्हिडिओ काढायला मात्र सक्त मनाई. आर्मीच्या ग्रुपवर इज्जतीचा प्रश्न असतो.

तेव्हा ३१ ऑगस्टला भिवंडीत असाल तर साडेआठला कामतघरात जरूर जा, केक बरा असतो. फक्त ‘सगळे सारखेच दिसतात’ हे वाक्य केक खाऊन झाल्यावर बोला.