मिशीत शिरलेला समुद्र

नाशिकचा माणूस पोहण्यावर बोलायला लागला की त्याला आवरणं कठीण. आम्ही गोदावरीला सरळ गंगा म्हणतो. पूर मोजायला आम्हाला मीटर लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, एवढ्यावर आमचं भागतं. मीही लहानपणी गांधी तलावात मनसोक्त डुंबलेलो. त्याच भांडवलावर कोचीहून निघालेल्या बोटीच्या डेकवर मी सहप्रवाशांना जलतरणाचे धडे देत होतो. मंडळी सज्जन होती, ऐकून घेत होती.

लक्षद्वीपचं खूळ आमच्या कॉलनीत शिरलं ते जानेवारी 2024 मध्ये. पंतप्रधानांचे तिथल्या पाण्यातले फोटो आले आणि पुढच्याच आठवड्यात, 12 तारखेला, ते आमच्या काळाराम मंदिरात हजर. त्यामुळे लक्षद्वीप इथंच कुठेतरी असावं, असा आमचा समज झाला. मग कळलं, की तिथे जायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. "फिरायलाच चाललात ना?" असं हवालदारांनी फार आपुलकीने विचारलं.

कल्पेनीला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आणि आतलं लगून उथळ, म्हणून ती बाहेरच थांबते. मग तिच्या कुशीतला दरवाजा उघडतो, खाली छोटी होडी येते आणि लाटेबरोबर वर-खाली होत राहते. ती वर आली की पाय टाकायचा. माझी मनाची तयारी नेमकी ती खाली जाताना व्हायची. मागे रांग वाढत चालली. बायको कानाशी म्हणाली, "अहो, तुमच्या भगूरच्या सावरकरांनी मार्सेयला उडी मारली तेव्हा खाली होडीसुद्धा नव्हती." 8 जुलै 1910 ची ती उडी मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी मारत असे, पण तिथे खाली सतरंजी असायची. शेवटी दोघा खलाशांनी दंडाला धरून मला गोणीसारखं खाली उतरवलं.

बेटावर शहाळं मिळालं. 1847 च्या वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रवाळाची रास गाइडने दाखवली. मी त्यातला एक तुकडा उचलताच त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. प्रवाळ नेणं गुन्हा आहे. चारित्र्याचा दाखला नुकताच मिळालेला, मी गप्प बसलो.

स्नॉर्कलिंगचा मास्क देणारा पोरगा माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. "अंकल, मूछ. पानी आएगा." मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसावी लागते, मधे केस आले की फट राहते. आमची मिशी वडिलोपार्जित. पंतप्रधानांनी दाढीमिशीसकट जमवलं होतं, हे मी त्याला माझ्या हिंदीत पटवून दिलं. त्याने काही न बोलता व्हॅसलीनची डबी पुढे केली. मिशीला लावलं की फट बुजते म्हणे. मी ती बाणेदारपणे परत केली.

गांधी तलावात मान वर ठेवून पोहायचं असतं. इथे तोंड पाण्यात घालून नळीने श्वास. काळे-पिवळे पट्टेवाले मासे आले, एक निळा गृहस्थ माझ्याकडे बघून निघून गेला. एवढ्यात मिशीच्या वाटेने अरबी समुद्र नाकात शिरला. गंगेचं पाणी नाकात गेलं तर निदान पुण्य लागतं. मी हातपाय झाडले, नळी निसटली आणि मल्याळी मुलखात शुद्ध मराठीत "वाचवा" म्हणून ओरडलो. पोरगा आला. पोहत नव्हे, चालत.

"अंकल, खड़े हो जाओ."

उभा राहिलो. दुतोंड्याच्या हिशेबाने पाणी गुडघ्याला होतं. डेकवरचे माझे सगळे विद्यार्थी किनाऱ्यावर शहाळं पीत उभे होते.

रात्री कळलं, की पालथं तरंगणाऱ्याची पाठ उन्हाकडे असते. सनस्क्रीन मी चेहऱ्याला चोपडलं होतं. पालथाच झोपलो आणि पडल्या पडल्या ठरवलं, उद्या समुद्राला फटच ठेवायची नाही. पहाटे उठून बोटीच्या हलत्या आरशासमोर वडिलोपार्जित मिशी साफ उतरवली.

त्या दिवशी मिनिकॉय होतं. कार्यक्रमात पहिलंच 1885 चं दीपगृह. पायऱ्या चढायच्या, मास्कचं नाव नाही. जेटीवर ओळखपत्र बघणाऱ्याने माझ्या आधार कार्डावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"माझेच आहेत," ती म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली.