महागाईचा भागीदार

महागाईच्या नावाने बोटे मोडणे हा मध्यमवर्गीय गृहस्थाचा वंशपरंपरागत हक्क आहे. आणि हा हक्क माझ्यापुरता कोणी हिरावून घेतला असेल, तर तो २०१३ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने विक्रीस काढलेल्या, महागाईच्या निर्देशांकाशी निगडित अशा राष्ट्रीय बचत रोख्यांनी. मुदत दहा वर्षे, किमान रक्कम ५,००० रुपये, दरसाल दीड टक्का व्याज ठाम आणि निर्देशांक जितका चढेल तितकी त्यावर भर! ज्या सरकारच्या अमलात महागाई वाढते, त्याच सरकारने तिच्या भरपाईचा करारनामा लिहून द्यावा, यातला प्रांजळपणा मला इतका भावला की मी तडक बँकेत गेलो.

तेथील तरुण कारकुनाने माझा अर्ज उलटसुलट न्याहाळून, "काका, एफडी करा ना, कशाला डोक्याला ताप?" असा संबोधनात पुत्रवत आणि आशयात पितृवत उपदेश केला. घरी तर याहून कडक न्यायासन बसले होते. जनतेला सोन्याच्या मोहातून सोडवावे हाही या योजनेमागील एक हेतू आहे, असे मी निवेदन करताच, "सोनं गळ्यात घालता येतं, तुमचा निर्देशांक कुठे घालायचा?" असा सवाल आला, आणि रोखा म्हणून हाती जो काय तो धारणेचा एक दाखला पडला होता, तो मी निमूटपणे कपाटात ठेवला.

वास्तविक ही कल्पना काही कालची नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलन मातीमोल झाले, तेव्हा १७८० साली मॅसॅच्युसेट्सने आपल्या सैनिकांना असे रोखे दिले की ज्यांचे मोल पाच बुशेल मका, ६८ पूर्णांक ४/७ पौंड गोमांस, १० पौंड लोकर आणि १६ पौंड तळव्याचे चामडे यांच्या एकत्रित किमतीवर ठरावे. ऐन युद्धाच्या धामधुमीत मांसाचे ते चार-सप्तमांश पौंड ज्या कोणा कारकुनाने नेमके काढले, त्याला माझा साष्टांग नमस्कार.

परंतु रोखा घेतल्यापासून माझ्या नीतिमत्तेला जी उतरती कळा लागली, ती विलक्षण होती. मंडईत कांदा कडाडला की शेजारपाजारचे हळहळत, आणि मी मात्र चेहरा यथाशक्ति दुःखी ठेवून मनातल्या मनात व्याज मोजत असे. तेही तीन महिन्यांनी मागे सरून, कारण हिशेबास जुनाच निर्देशांक धरला जाई आणि सप्टेंबरात रडवणारा कांदा डिसेंबरात जमेस येई. उलट २०१७ च्या जूनमध्ये महागाई दीड टक्क्याच्या आसपास उतरली, तेव्हा सारा देश स्वस्ताईत असताना मी एकटा सुतकात होतो.

या सुतकात आणखी एक वाटेकरी होता, तो म्हणजे प्राप्तिकर. महागाई नऊ टक्के धरली तर रोखा साडेदहा देणार. पण तीस टक्क्यांच्या पायरीवरील गृहस्थाच्या पदरी त्यातले ७.३५ च उरणार. म्हणजे महागाईपासून संरक्षण देणाऱ्या या ढालीला सरकारनेच एक भोक ठेवले होते. मुद्दल बुडणार नाही, एवढी निर्धास्ती मात्र खरी.

लोकांनी या रोख्यांकडे फारसे ढुंकून पाहिले नाही, आणि २०१४ च्या मार्चअखेर विक्री बंद झाली. २०२० पासून मिळणारे सरकारी बदलत्या दराचे रोखे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दराहून ०.३५ टक्का अधिक देतात. मुदत सात वर्षे, व्याज १ जानेवारी व १ जुलै रोजी हातात, कर आहेच. घेणाऱ्याने आपली कराची पायरी आधी मोजावी, आणि कांदा स्वस्त झाला तर निःसंकोच आनंद मानावा. या रोख्याच्या व्याजाशी कांद्याचा थेट संबंध नाही.